परसबाग : मे महिन्यात तगेल ते लॉन

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्यासारख्या गावात नवं घर बांधताना पुढच्या मोकळ्या जागेत लॉन हवं, असं वाटण्यात गैर काही नाही. नर्सरीत ‘कोरियन’, ‘मेक्सिकन’ म्हणून जे गवत मिळतं ते बहुधा झॉयसियाचंच असतं, आणि गिऱ्हाईक तळव्याला जे मऊ लागेल ते उचलतं. ही कसोटीच मला चुकीची वाटते. झॉयसिया टेन्युइफोलिया केसासारखं बारीक आणि सर्वांत मऊ. पण ते फार सावकाश पसरतं, कापलं नाही तर गाठोडी धरतं. जॅपोनिका रुंद पात्याचं, दणकट. त्याच्या ‘मेयर’ या वाणाचं कौतुक फार वाचायला मिळतं. मात्र 1951 मध्ये अमेरिकेत प्रसारित झालेल्या या वाणाची कीर्ती मुख्यतः कडाक्याची थंडी सोसण्याबद्दल आहे. आपल्या जिल्ह्यात त्या गुणाचे पैसे कशाला मोजायचे? आपल्या अंगणात कडुनिंबाची सावली असते, आणि सावली झॉयसियाची तिसरी जात, मॅट्रेला, जॅपोनिकापेक्षा बरी सोसते. म्हणून माझा कौल मॅट्रेलाला. अर्थात जातीपेक्षा जमीन जास्त नडते. काळी माती पावसात फुगून पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. खाली मुरूम, वर लाल माती आणि कुजलेलं शेणखत असा वीतभर थर देऊन उतार काढला नाही, तर कुठलीही जात तिथे सुखानं नांदणार नाही.

हरळी फुकट मिळते, उन्हाला दाद देत नाही, मग विकतचं गवत कशाला, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण हरळीला सावली चालत नाही, आणि तिच्या काशा शेजारच्या हळदीच्या वाफ्यात शिरल्या की खुरपणाऱ्या बाईला विचारावं काय होतं ते! झॉयसियाचा संथपणा इथे गुण ठरतो. दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. पाचशे चौरस फूट, म्हणजे साधारण 46 चौरस मीटर लॉनला उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तरी 230 लिटर होतात. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा. म्हणजे चार माणसांचं पाणी गवताला. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात हा हिशेब मान्य होऊच नये. म्हणून लॉन शंभर चौरस फुटांचंच करावं. त्याला 46 लिटर लागतात. भाजी-तांदूळ धुतलेलं नि भांडी विसळलेलं पाणी साठवलं तर त्यातला बराच भाग निघतो. टंचाईत तेही तोडावं. झॉयसिया पिवळं पडेल, पण जमिनीखालचे कोंब सहसा तग धरतात. बाकीचं अंगण हळद वाळवायला मोकळंच ठेवावं. आणि लावणीची घाई मृगात करू नये. जमीन एकदा पुरती भिजून वाफसा आला, की मग ठोंब लावावेत.