बारमधील ओळख आणि नकाराचा मान

पर्यटनामुळे रत्नागिरीत परक्या माणसांची वर्दळ वाढत असताना एका दुर्लक्षित प्रश्नाचा विचार आवश्यक ठरतो. बारमध्ये अनोळखी व्यक्तीशी बोलणे कोणी, कसे सुरू करावे आणि कोठे थांबावे, हा तो प्रश्न. वरवर तो शिष्टाचाराचा वाटतो. प्रत्यक्षात तो सार्वजनिक जागेवरील हक्काचा आहे.

महाराष्ट्रातील ‘परमिट रूम’ मुळात गप्पांसाठी जन्मलेली नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याने मद्यपानावर निर्बंध घालून परवानाधारकांना सवलत दिली. त्या परवान्यावरूनच हे नाव रूढ झाले. सवलतीच्या जागेत माणूस ओळखीपेक्षा आडोसा शोधतो. इंग्लंडमधील पबमध्ये काउंटरशी उभे राहून शेजाऱ्याशी चार शब्द बोलण्याची रीत आहे. आपल्याकडे ग्राहक आपले टेबल धरून बसतो. दुसऱ्याच्या टेबलाशी जाणे म्हणजे त्याच्या बैठकीत शिरणे होय.

रत्नागिरीत त्यात आणखी भर पडते. मिरकरवाडा बंदरावरील परप्रांतीय व नेपाळी खलाशी किंवा गणपतीपुळ्याला निघालेला पर्यटक यांच्याशी मासळी, पाऊस, आंबा या विषयांवर सहज बोलता येते. स्थानिकाला मात्र आरंभीच गाव, वाडी आणि आडनाव विचारले जाते. उत्तरातून नाते निघते आणि बातमी घरी पोहोचते. पुरुषाला हे अडचणीचे ठरते. स्त्रीला ते परवडणारे नसते.

बार आणि स्त्री यांविषयी राज्यात २००५च्या डान्सबार बंदीपासून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालापर्यंत प्रदीर्घ वाद झाला. त्याच्या केंद्रस्थानी तेथे काम करणारी स्त्री होती. ग्राहक म्हणून येणाऱ्या स्त्रीचा विचार त्यात जवळजवळ झालाच नाही.

कायद्याची रेषा मात्र पुरेशी स्पष्ट आहे. २०१३मध्ये भारतीय दंडविधानात समाविष्ट झालेली पाठलागाविषयीची तरतूद १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८मध्ये आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दर्शवूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधू पाहणे हा गुन्हा असून, पहिल्या वेळी त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. लैंगिक शेरेबाजी कलम ७५खाली येते; तेथे पुनरावृत्तीचीही अट नाही. म्हणजेच सभ्यपणे केलेली पहिली विचारणा गुन्हा नव्हे. नकार न ऐकणे हा गुन्हा आहे.

तथापि प्रत्येक प्रसंगी पोलीस ठाणे गाठता येत नाही. त्रोटक उत्तर, वळवलेली मान, मोबाइलकडे गेलेली नजर हाही नकारच, हे समजण्यासाठी कायद्याचे पुस्तक लागत नाही. हा नकार राखण्याची जबाबदारी मालक व वेटर यांनीही घेतली पाहिजे. त्रास देणाऱ्यास उठवण्याऐवजी त्रास सोसणाऱ्यास ‘फॅमिली रूम’कडे धाडणे हा उपाय नव्हे. ‘नको’ या शब्दाचा मान राहील, तेथेच परका माणूस निर्धास्तपणे बोलू लागेल.