विश्लेषण : डोक्यावरचा ड्रोन मोबाइलमधून काय टिपू शकतो?

लग्नाचे चित्रीकरण, ‘स्वामित्व’ योजनेतील गावठाण मोजणी... भातसानगर, शहापूर, मुरबाडकडे ड्रोनचे आता अप्रूप राहिलेले नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्रीच्या ड्रोनमुळे गावोगावी धास्ती पसरली, तेव्हा चर्चा कॅमेऱ्याची होती. पण ड्रोन वायफायचे संदेशही टिपू शकतो.

हे कसे घडते?
वायफाय सुरू असलेला फोन ओळखीचे नेटवर्क शोधत संदेश सोडत असतो. ड्रोनवरचे छोटे यंत्र ते गुपचूप टिपते. ‘सेन्सपोस्ट’च्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्नूपी’ ड्रोनने लंडनमध्ये हे दाखवून दिले.

काय कळते?
फोनचा ओळख क्रमांक; जुन्या फोनमध्ये आधी जोडलेल्या नेटवर्कची नावेही. ओटीपी यातून कळत नाही. मात्र फोन त्याच नावाच्या बनावट नेटवर्कला जोडला गेला, तर धोका वाढतो. नवे फोन क्रमांक बदलत राहतात.

कायदा काय सांगतो?
ड्रोन नियम, २०२१ उड्डाणाचे आहेत. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो. पण माहिती घेतल्याचे कळलेच नाही, तर तक्रार करणार कोण?

काय करावे?
घराबाहेर वायफाय बंद ठेवा, जुनी नेटवर्क काढून टाका.