नाव आपलं, चावी कुणाची?

माझी भाची बारावीनंतर अमरावतीला शिकायला गेली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसली तर तिचा ईमेल उघडेना. पासवर्ड विसरली म्हणावं, तर तो तिला कुणी सांगितलाच नव्हता. दहावीत असताना बाळापुरातल्या एका ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरला, तेव्हा तिथल्या पोराने घाईघाईत खातं उघडून दिलं होतं. नाव तिचं, मोबाइल नंबर त्याचा, पासवर्डही त्यानेच ठरवलेला. पुढे सेंटर बंद झालं आणि तो कामासाठी पुण्याला गेला. भाचीने मला फोन करून विचारलं, "मामू, म्हणजे माझा मेल माझा नाहीच का?"

मग मी मोहल्ल्यात विचारत फिरलो. पासपोर्ट, हजचा अर्ज, पीएफ, सगळीकडे ईमेल लागतो आणि बहुतेकांचा तो दुसऱ्या कुणीतरी उघडलेला. मी त्या पोरांना सरसकट दोष देत नाही. दारात रांग, लाइटचा भरवसा नाही, आणि समोरच्याकडे मेलच नसतो. ते आपली अडचण भागवतात. पण अडचण भागली की चावी परत मागायची, हे आपण विसरतो.

"माझ्या मेलमध्ये चोरण्यासारखं आहे काय?" असं लोक विचारतात. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पाठवलेलं आधार कार्ड आणि पासबुकाचे फोटो तिथेच पडलेले असतात. इतर खात्यांचा पासवर्ड बदलण्याची लिंकही तिथेच येते. एक चावी गेली की बाकीची कुलुपं उघडायला वेळ लागत नाही.

आणि दुसरी चीज म्हणजे आपलं नाव. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन भाडेकरूच्या घरी पोचले. त्याच्या वायफायला पासवर्ड नव्हता, भलत्यानेच त्यातून मेल पाठवला होता. तरी चौकशी त्याची झाली, कॉम्प्युटर त्याचा तपासाला गेला. पुढच्या महिन्यात तसाच मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायमधून गेला, सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या. पाठवणाऱ्यांनी वायफाय दुसऱ्याचं वापरलं आणि नाव आमच्या धर्माचं.

त्या घरात अमेरिकन माणसाऐवजी आमच्या मोहल्ल्यातला एखादा पोरगा राहत असता तर? 2006 च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना कोर्टाने आरोपांतून मुक्त केलं ते 2016 मध्ये. "मी पाठवलं नाही" हे सिद्ध करायची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. म्हणून आपल्या पोरांनी निष्काळजी राहणं मला परवडणारं वाटत नाही.

आपला किल्ला पाहा. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर तो उभा आहे. पावसाळ्यात पाण्याचा वेढा पडायचा, तरी बांधणाऱ्यांनी एकाच्या आत एक असे तीन दरवाजे ठेवले. मेललाही असा दुसरा दरवाजा लावता येतो. सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा, मग नुसता पासवर्ड कळून भागत नाही. रिकव्हरीचा नंबर स्वतःचा आहे ना, ते बघा. खातं कोणकोणत्या मोबाइल-कॉम्प्युटरवर उघडं आहे त्याची यादी तिथेच दिसते, अनोळखी असेल ते काढून टाका. ओटीपी कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 वर फोन करा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66 सी कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

घरातल्या बायकांचे मेल नवऱ्याच्या किंवा भावाच्या मोबाइलवर असतात, तेही मला पटत नाही. अमानत म्हणून सांभाळतो म्हणणाऱ्याने मागितल्यावर परत द्यायचीही तयारी ठेवावी.

भाचीचं जुनं खातं काही मिळालं नाही. तिने नवं उघडलं, आणि ईदला घरी आली तेव्हा आईलाही शेजारी बसवून तिच्याच नंबरवर एक उघडून दिलं. पासवर्ड टाकताना मात्र तिने तोंड फिरवलं. माझी बहीण एका बोटाने एकेक अक्षर दाबत होती.