आडजागी बसलेला नट

संसारात काही नट असे असतात की ते दिसतात, पण हाती लागत नाहीत. रंगभूमीवरचे नट मी म्हणत नाही. त्यांची सारी धडपड प्रकाशात उभे राहण्यासाठी असते. मी म्हणतो तो लोखंडी नट. हा स्वभावाने त्यांच्या अगदी उलटा. कोपरा पाहून, पाठ फिरवून, अंधारात बसायचे हेच त्याचे व्रत. स्कूटरच्या पोटातला प्लग, मोटारीच्या सीटखालचा बोल्ट, भिंतीकडे तोंड करून बसवलेल्या पंपाचा नट! घरातल्या कर्त्या पुरुषाचा रविवार यांच्यापायी फुकट जातो आणि गृहिणीच्या कानी नको ते शब्द पडतात.

मराठी शिकवणाऱ्या माणसाने पान्यांवर का लिहावे, असा प्रश्न चोखंदळ वाचकांना पडेल. त्याचे उत्तर मी राहतो त्या गावात आहे. कवठे महांकाळ हे सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातले, कमी पावसाचे गाव. म्हैसाळला कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून या बाजूला आणले गेले आणि माळावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पंप आले, छोटे ट्रॅक्टर आले, फवारणीचे ब्लोअर आले. त्यांच्यामागोमाग नट-बोल्ट आलेच. आमच्या महाविद्यालयातल्या पुष्कळ मुलांच्या हाताला शाईऐवजी ग्रीस लागलेले असते. ज्या जिल्ह्यात 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना काढला, तिथे याचे नवल वाटायला नको.

आता हा विषय हौसेचा नसून पोटाचा कसा होतो ते पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बागांची फळछाटणी होते. कोवळी फूट आली, घड दिसू लागले, की शेतकऱ्याचा डोळा आभाळाकडे लागतो. ढग आले, रिमझिम झाली, की दावण्या नावाचा रोग येतो आणि फुलोऱ्यातले घड जाळून टाकतो. औषध वेळेवर पडले तर बाग वाचते. अशाच एका संध्याकाळी माझ्या एका विद्यार्थ्याच्या बागेत ब्लोअर बंद पडला. पंख्याच्या गिअरपेटीचा एक बोल्ट ढिला होऊन पेटी सरकली होती. तो बोल्ट औषधाची टाकी आणि सांगाडा यांच्या मधल्या बोळात. वर्षाची कमाई घडांवर लटकलेली, आभाळ भरून आलेले, आणि मुलाचे वडील साध्या पान्याने त्या बोल्टच्या कडा झिजवत बसलेले. मिस्त्री आला, बॅटरी मारून पाहिले आणि म्हणाला, “सर, दिसतुया, पर गावत न्हाई. दादा, तुमी पाना ठेवा खाली. कडा ग्येल्या तर टाकीच उतरावी लागंल.”

मग त्याने आपली पेटी उघडली. तिच्यात काय होते आणि त्यातले त्याने काय निवडले, हाच आजचा विषय.

आपण ज्याला सॉकेट म्हणतो त्याला कारागीर म्हणतात ‘गोटी’. शब्द मोठा गोड आहे. पेटीतल्या गोट्या लहान-मोठ्या असतात, त्यांना फिरवणारी मूठ मात्र एकच. ही कल्पना जुनी आहे. 1863 साली अमेरिकेत बदलत्या गोट्यांच्या रॅचेट पान्याचे पेटंट निघाले. 1920 साली जोसेफ जॉन्सन या तरुणाने पाच मुठी आणि दहा गोट्या एकमेकींत बसतील असा संच काढला आणि पाच मुठी पन्नासांचे काम करतील अशी त्याची जाहिरात केली. मूठ आणि गोटी यांच्यामध्ये जी दांडी घालायची ती एक्स्टेन्शन. आडजागेचे सारे शास्त्र या दांडीत आहे.

पहिली निवड जाडीची. दांडीच्या टोकाचा चौकोन पाव इंची, तीन-अष्टमांश इंची किंवा अर्धा इंची असतो. कारागिराच्या भाषेत दोन सूत, तीन सूत, चार सूत. 1957 साली आपली नाणी दशमान झाली, पाठोपाठ वजनेमापेही झाली. गोटीही मिलिमीटरची झाली. हा चौकोन तेवढा जगभर इंचाला चिकटून राहिला आहे. दहा मिलिमीटरपर्यंतच्या नाजूक कामाला दोन सूत, घरातल्या बहुतेक कामाला तीन सूत, आणि चाकाच्या नटासारख्या दांडग्या कामाला चार सूत, असा ढोबळ हिशेब धरावा. दोन सुती दांडीला जोडणी लावून चार सुती मूठ बसवता येते खरी. पण ती नाकापेक्षा मोती जड अशी गत होते. लांब मुठीचा जोर बारीक दांडीला सोसत नाही आणि ती पिळवटून मोडते.

दुसरी निवड लांबीची. येथे बहुतेक जण फसतात. जितकी लांब तितकी सोयीची असे वाटते. प्रत्यक्षात अडथळा ओलांडण्यापुरती जी सर्वांत आखूड, तीच चांगली. दांडी थोडी पिळली जातेच. लांबी दुप्पट झाली की पीळ दुप्पट. उलट जाडी दुप्पट केली तर पीळ सोळाव्या हिश्शावर येतो. शिवाय लांब दांडी बाजूला कलते आणि गोटी नटावरून निसटते. म्हणून एका हाताने मूठ ओढताना दुसरा हात दांडीच्या डोक्यावर, म्हणजे मूठ बसते तिथे, दाबून धरावा. तीन, सहा आणि दहा इंचांच्या तीन दांड्या असल्या की घरचे काम भागते. त्या एकमेकींना जोडता येतात. पण प्रत्येक सांधा थोडा खेळतो, तेव्हा जोडाजोड बेताचीच बरी.

तिसरी निवड वळणाची. सरळ दांडी नटासमोर नाकासमोर जाणाऱ्यांसाठी. दुसरी डुलती दांडी: तिच्या टोकाचा चौकोन गोलसर घासलेला असतो, त्यामुळे गोटी सुमारे पंधरा अंश कलते. आडजागेच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटतात. तिसरा युनिव्हर्सल जॉइंट. हा कोणत्याही बाजूला वाकतो. ब्लोअरला ट्रॅक्टरची शक्ती पोचवणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांना असतो तोच हा सांधा, फक्त पोरवयातला.

या सांध्याचा एक स्वभावदोष ध्यानात ठेवावा. तो वाकलेला असला की जोर एकसारखा पोचवत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा कमी आणि दोनदा जास्त होतो. पंधरा अंशांना हा फरक शेकडा तीन-चार. तीस अंशांना पंधराच्या घरात. पंचेचाळीस अंशांना तो चाळीसपर्यंत चढतो. म्हणून सांध्याने नट सैल करावा, गुंडाळत न्यावा. शेवटचे मोजून आवळणे शक्य तर सरळ दांडीनेच करावे. टॉर्क रेंच वापरणाऱ्यांच्या मनात शंका येते की दांडीने आकडा बदलतो का? दांडी मुठीशी काटकोनात आणि नटाच्या रेषेत असेल तर बदलत नाही. मुठीची लांबी वाढवणारे काही लावले तर मात्र बदलतो.

सांधा कुठे लावायचा? जिथे वळण आहे तिथे. नटाजवळ जागा वाकडी असेल तर गोटीला लागून; वाट सरळ आणि मूठ फिरवायलाच जागा नसेल तर मुठीला लागून.

मूठही पाहून घ्यावी. साध्या पान्याला नटावर नवी पकड घ्यायला साठ अंश फिरावे लागते. पान्याचे तोंड उलटसुलट केले तर तीस. चोवीस दातांचे रॅचेट पंधरा अंशांत नवा दात धरते, बहात्तर दातांचे पाचच अंशांत. बोळात हा फरक म्हणजे काम होणे आणि न होणे. गोटी शक्यतो सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची चटकन बसते, पण गंजलेल्या नटाच्या कडा तीच झिजवते.

आमच्या मिस्त्रीने त्या संध्याकाळी काय केले? सहा इंची सरळ दांडी, पुढे युनिव्हर्सल जॉइंट, त्यापुढे सहा कोनी गोटी. सांधा लुळा पडून खाली लोंबत होता, तेव्हा त्याने त्याला विजेच्या कामाच्या चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. सांधा हवा तेवढा वाकून ताठ राहिला. गोटीत ग्रीसचे बोट फिरवले, म्हणजे सुटा झालेला बोल्ट टाकीखाली घरंगळू नये. बोल्ट काढला, पेटी जागेवर सरकवली, नवा बोल्ट त्याच वाटेने आत गेला. वडिलांनी उत्साहाने मुठीला घालायला पाइप पुढे केला, तर तो म्हणाला, “दादा, जोराचं काम न्हाई हे. सरळ बसलाय का ते बघायचं काम हाय.” रात्री नऊला ब्लोअर बागेत फिरू लागला. पाऊस पहाटे आला. तोवर औषध वेलींवर वाळले होते.

शहरातल्या वाचकांच्या दारी बाग नसेल, पण स्कूटर किंवा मोटार असेल. त्यांनी तीन सुती संच घ्यावा: बारीक दातांची मूठ, आठ ते एकोणीस मिलिमीटरच्या सहा कोनी गोट्या, तीन आणि सहा इंची दांड्या, एक डुलती, एक सांधा, आणि आत रबर असलेली प्लगची गोटी. ते रबर प्लगला धरून ठेवते आणि त्याची चिनी मातीही सांभाळते. गोटी हाताने बसवून दांडी हलवून पाहावी. फार खेळली तर तो संच दुकानदाराकडेच राहू द्यावा. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री तेल सोडावे. त्याला तेल आणि वेळ दोन्ही लागतात.

खंडेनवमीला आमच्याकडच्या वर्कशॉपांत गोट्या-दांड्या पुसून ओळीने मांडतात आणि झेंडूची फुले वाहतात. घरोघरच्या पेट्या त्या दिवशी राहिल्या असतील तर लक्ष्मीपूजनाला उघडाव्यात. फराळाच्या ताटाआधी हात तेवढे साबणाने धुवावेत, ही विनंती मात्र मी गृहिणींच्या वतीने करतो.