वकील आपला, पण सूत्रं कोणाकडे?

"इथं सही कर गं."

बारामतीतल्या एका वकिलांच्या ऑफिसात मामांनी माझ्या मावसबहिणीला एवढंच सांगितलं आणि तिनं सही केली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कागद कसला होता?" ताई म्हणाली, "केसचाच असेल की." ते वकीलपत्र होतं. माझ्या वतीनं कोर्टात उभं राहायचा, अर्ज द्यायचा आणि मजकुरात तसं लिहिलेलं असेल तर तडजोडही करायचा अधिकार मी या वकिलांना देते, असं सांगणारा कागद. ताई बीकॉम आहे. मोबाइल घ्यायचा तर तीन दुकानं फिरते. पण आपल्या संसाराचं काय होणार हे ज्या कागदावर ठरणार, तो तिनं वाचलाही नव्हता.

खरा धक्का पुढच्या खेपेला बसला. अर्जाचा मसुदा तयार होता. या वेळी मी हट्टानं वाचायला लावला. तर त्यात मागणी होती नवऱ्यानं तिला पुन्हा नांदवावं अशी! हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. ताईला चार वर्षांच्या मुलाचा खर्च हवा होता आणि त्या घरात परत जायचं नव्हतं. वकील शांतपणे म्हणाले, "तुमच्या मामांनी सांगितलं तसं लिहिलं." चूक कोणाची? मामांची, कारण त्यांनी परस्पर ठरवलं. वकिलांची, कारण त्यांनी ताईला विचारलं नाही. आणि थोडी आमचीही, कारण आम्ही विचारू दिलं नाही.

ओळखीचा वकील

आमच्या सुप्यात काय किंवा तिकडे इंदापुरात काय, वकील शोधायची पद्धत एकच. ओळखीचा कोण आहे? मग कुणाच्या तरी बांधाची, वाटपाची केस लढलेले वकील पुढं येतात. ते हुशार असतीलही. पण जमिनीची केस आणि पोटगी, मुलाचा ताबा, घरगुती हिंसाचार ही कामं वेगळी. हृदयाचा त्रास असताना आपण हाडाच्या डॉक्टरकडे जात नाही. मग इथं 'तुम्ही अशा किती केसेस चालवल्या?' हे विचारायला का लाजतो?

दुसरी अडचण आणखी मोठी. ओळख मामांची, फी मामांची, म्हणून वकीलही मामांचे होतात. कायदा असं मानत नाही. वकीलपत्रावर जिची सही, ती अशील. तिनं विश्वासानं सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. फी भरणाऱ्या मामांनाही नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत निदान दहा मिनिटं एकटीनं बोलायचं. यात मोठ्यांचा अपमान नाही. काही गोष्टी मामांसमोर बोलता येत नाहीत, हे वकिलांनाही कळतं.

सुप्रीम कोर्ट काय म्हणालं?

हा विषय आत्ता महत्त्वाचा का, तर १४ मे २०२४ च्या निकालामुळे. वकिलाच्या सेवेतली कमतरता ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं त्या दिवशी स्पष्ट केलं. म्हणजे वकिलानं काम नीट केलं नाही, म्हणून ग्राहक आयोगात जायचं दार बंद. गैरवर्तन असेल तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, दिवाणी दावाही आहे. पण दोन्ही वाटा लांबच्या.

या निकालाचं एक कारण मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाटलं. वकील हा अशिलाच्या थेट नियंत्रणाखाली काम करतो, असं कोर्ट म्हणालं. अशिलाच्या सूचनेशिवाय त्यानं कबुली देऊ नये, तडजोड करू नये. म्हणजे कायद्याच्या नजरेत सूत्रं ताईच्या हातात आहेत. आणि प्रत्यक्षात ताई खुर्चीच्या कडेवर बसून "साहेब म्हणतील तसं" म्हणत होती! ग्राहक म्हणून संरक्षण नाही, कारण तुम्ही नियंत्रण ठेवता असं गृहीत आहे. मग ते नियंत्रण खरंच ठेवायला नको का?

पैशाचं बोलायचं कसं?

सरळ बोलायचं. फी एकरकमी की तारखेप्रमाणे? त्यात टायपिंग, नोटरी, वरच्या कोर्टाचं अपील आहे का? भरलेल्या रकमेची पावती मिळेल का? 'पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के माझे' असा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं २००० मध्येच सांगितलंय. वकीलही बदलता येतो. आधीच्या वकिलाची संमती घ्यायची, ती मिळाली नाही तर कोर्टाची परवानगी मागायची.

आणि पैसेच नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. इतर बहुतेक पुरुषांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते, हेल्पलाइन १५१००. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली, ज्याला पुरेसं उत्पन्न नाही तो जोडीदार दुसऱ्याकडून केस चालू असतानाची पोटगी आणि केसचा खर्चही मागू शकतो. ताईच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. मामांनी मात्र सोसायटीतून कर्ज काढायची तयारी केली होती. हे त्यांच्या बाजूनंही सांगायला हवं. त्यांचा जीव तुटत होता, फक्त ते विचारत नव्हते.

कोर्ट कोणतं, वेळ किती?

ताईचं सासर चाकणकडे. "तिकडं खेटे घालावे लागतील" म्हणून आई रडत होती. पण २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जिथं राहते तिथल्या कोर्टातही तिला घटस्फोटाचा अर्ज करता येतो. सुप्यात राहणाऱ्या मुलीला बारामती चालते. "कोर्टात सगळ्यांसमोर बोलावं लागेल" ही दुसरी भीती. हिंदू विवाह कायद्याखालची सुनावणी बंद दाराआड घ्यायची तरतूद आहे.

संमतीनं वेगळं व्हायचं असेल तर निदान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं. ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं. 'महिन्यात मोकळं करून देतो' असं कोणी म्हणालं, तर मात्र सावध व्हा. अशा अर्जात दोघांचा एकच वकील असतो, खर्च वाचतो. पण पोटगी, स्त्रीधन, मुलाचा ताबा यातलं काही ठरलेलं नसेल तर आपला वकील वेगळा हवा.

वकिलांची बाजूही ऐकली. मी ज्यांच्याशी बोलले त्यांची तक्रार एकच: अशील अर्धंच सांगतात. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यायचं, हे २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानं बंधनकारक केलं. ही केस आपल्या नागपूर खंडपीठातूनच वर गेलेली. ताई शिकवण्या घेते, ते पैसे लपवायचा सल्ला शेजारणीनं दिला होता. शपथेवर खोटं लिहिलं की चांगली केसही बिघडते. वकिलाला सगळं खरं सांगा, गैरसोयीचं तर आधी सांगा.

वाचल्याशिवाय सही

सुप्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांचा उठाव इथूनच सुरू झाला. लोकांनी सावकारांकडची खतं, वह्या काढून जाळल्या. वाचता न येणाऱ्या माणसांनी अंगठे उठवलेले ते कागद होते. १८७९ मध्ये सरकारला कायदा करावा लागला आणि शेतकऱ्याचं खत गावच्या निबंधकासमोर लिहायची पद्धत आली. सावकार आणि वकील यांची तुलना मी करत नाही. पण अंगठ्याच्या जागी सही आली आणि न वाचण्याची सवय तशीच राहिली, हे ताईच्या शेजारी बसून मी पाहिलंय.

ताई तिसऱ्या खेपेला एकटी गेली. वकील चिडले नाहीत. त्यांनी मसुदा बदलला, तिला वाचून दाखवला आणि प्रत दिली. आता तिच्या मोबाइलमध्ये केसचा सीएनआर नंबर आहे. पुढची तारीख ती स्वतः ई-कोर्ट्स ॲपवर बघते आणि मामांना सांगते, "एसटीनं जाऊ, तुम्ही सोबत या." मामा येतात. बाहेर बाकावर बसतात.

वकील करण्याआधी हे विचारा

- अशा केसेस तुम्ही नेहमी चालवता का? कोर्टात तुम्ही स्वतः याल की ज्युनिअर?
- माझ्यापुढं कोणकोणते मार्ग आहेत? त्यातला हाच का?
- फी किती, कशाकशाची? लिहून द्याल का?
- अर्ज दाखल होण्याआधी मला वाचायला मिळेल का? दाखल झाल्यावर प्रत आणि सीएनआर नंबर मिळेल का?
- मला विचारल्याशिवाय तडजोडीचं बोलणं होणार नाही ना?