अपंग जवानाचा हक्क आणि सरकारी ‘नामंजूर’



सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांनी सैन्यास किती माणसे दिली याची भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. साताऱ्याचे अपशिंगे गाव आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लावते, कारण पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. १ जानेवारीस कोरेगावच्या स्तंभापुढे आपणही माना लववितो. परंतु खटाव-माणच्या किंवा जत-आटपाडीच्या वस्तीत जो शिपाई कान, कंबर अथवा काळीज निकामी होऊन परत आला आणि ज्याच्या हाती ‘नामंजूर’ असा कागद पडला, त्याच्या दारी आपल्यापैकी किती जण गेले? मेलेल्या शिपायाचा जयजयकार फुकट होतो. जिवंत शिपायाचा कागद वाचून द्यायला एक दुपार खर्चावी लागते.

त्या कागदात असते काय? सेवामुक्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड जवानाचे अपंगत्व किती टक्के ते ठरविते, आणि ते सेवेमुळे उद्भवले अथवा सेवेमुळे बळावले काय, यावर मत देते. अपंगत्व निदान २० टक्के आणि त्याचा सेवेशी संबंध, या दोन गोष्टी मान्य झाल्या तर निवृत्तिवेतनात अपंगत्वाचा भाग मिळतो. बहुतेक दावे दुसऱ्या मुद्द्यावर मोडतात. बोर्ड लिहिते की रोग सेवेमुळे झाला नाही व बळावलाही नाही. तो ‘कॉन्स्टिट्यूशनल’ आहे. हा शब्द आमच्या कानाला ओळखीचा. बाबासाहेबांच्या घटनेचे जे इंग्रजी नाव, त्यातूनच तो निघाला. पण येथे त्याचा अर्थ, तुझ्या देहाची घडणच सदोष! डॉक्टर जात पाहून तसे लिहितात असे माझे म्हणणे नाही. हा शेरा मराठ्यालाही मिळतो, धनगरालाही मिळतो. तथापि माणसाचा दोष त्याच्या जन्मात शोधण्याची रीत आम्ही १९५६ साली नागपुरास सोडली. ती वैद्यकाचा वेश घेऊन दारात उभी राहिली तर निदान आम्हांस तरी ती ओळखता आली पाहिजे.

आमच्याच घरातील वडीलधारे म्हणतात, ‘नशिबात नव्हते, सोडून द्या.’ त्यांना विचारा, दीक्षा घेताना नशीब कोठे ठेवले होते? तथागतांनी कार्यामागील कारण शोधावयास सांगितले. जो तरुण भरतीच्या वेळी डॉक्टरांनी नखशिखांत तपासून निरोगी ठरविला, तो बर्फात व वाळवंटात वर्षे काढून रोगी होऊन परतला, तर कारण कोठे शोधावे?

सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सोडविला. ते १९८५ साली भरती झाले आणि १९९४ साली अपस्माराच्या कारणाने, २० टक्के अपंगत्वावर घरी पाठविले गेले. न्यायालय म्हणाले, भरतीच्या कागदांत रोगाची नोंद नसेल तर जवान त्या वेळी धडधाकट होता असेच धरावे; पुढे प्रकृती ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असे मानावे; याउलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, आणि बोर्डाने आपल्या मताची कारणे दिली पाहिजेत. हा निर्णय जुन्या नियमांवरचा आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले, परंतु त्यापूर्वी सेवामुक्त झालेल्यांचे दावे जुन्या नियमांनीच पाहावयाचे असतात. आपल्या वस्तीतील बहुसंख्य म्हातारे जवान याच वर्गातले आहेत. शिवाय २०१४ साली राम अवतार यांच्या खटल्याबरोबर सरकारची शेकडो अपिले फेटाळली गेली, आणि मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० टक्के धरून रक्कम मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

आता पायऱ्या. नकार आला की सहा महिन्यांच्या आत पहिल्या अपील समितीकडे अपील. तेथेही नकार आला तर पुन्हा सहा महिन्यांत दुसऱ्या समितीकडे. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे. आपल्या जिल्ह्यांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण ती ठाऊक नसल्याने माणसे पोस्टमनची वाट पाहत म्हातारी होतात: अपील करून सहा महिने लोटले आणि उत्तर आले नाही, तर कायदा तुम्हांला अधिक थांबावयास सांगत नाही, न्यायाधिकरणाचे दार उघडते. म्हणूनच अपील स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. बोर्डाच्या कागदांची प्रत हाती नसेल तर माहिती अधिकाराखाली मागावी.

विलंबाची किंमत कोण देतो तेही पाहा. तरसेम सिंग यांना १९८३ साली सैन्यातून अपंग म्हणून काढले. ते १९९९ साली न्यायालयात आले. हक्क मान्य झाला, पण सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरविले की थकबाकी मात्र दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच. सोळा वर्षांपैकी तेरा वर्षांचे पैसे बुडाले! सरकारी फाईल सहा वर्षे झोपली तर कोणाचा पगार कापला जात नाही. शिपाई झोपला तर त्याच्या मुलांच्या तोंडचा घास जातो. असा कायदा मला न्याय्य वाटत नाही. परंतु तो आहे तोवर त्याला तोंड देण्याचा उपाय एकच, अर्ज आज लिहिणे. ‘उशीर झाला, आता काय मिळणार’ म्हणणाऱ्यानेही लिहावा, कारण पुढचे निवृत्तिवेतन तरी हाती येते.

अर्ज लिहिणे ही आम्हांस नवी विद्या नव्हे. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दक्षिणेतील महारांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. अखेर १९४१ साली बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. छापखाने आणि वकील दुर्मीळ असताना हे झाले. आज घरोघरी पदवीधर आहेत.

आणि तरीही आमचे लोक दलालाकडे जातात. थकबाकीचा मोठा हिस्सा ठरवून घेणारी ही मंडळी कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर सापडतात. त्यांना रुपयाही देऊ नका. सातारा आणि सांगली, दोन्ही ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातींतील व्यक्ती, स्त्रिया व अपंग यांना वकील विनामूल्य मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही, हेही तेथे ठणकावून सांगावे.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. धर्म बदलल्याने निवृत्तिवेतनाचा पैसाही कमी होत नाही. तशी भीती घालणारा खोटे बोलतो. परंतु दीक्षेनंतर नाव किंवा आडनाव बदलले असेल, पत्नीचे नाव सैन्याच्या दप्तरात एक आणि आधार कार्डावर दुसरे असेल, तर दावा त्या एका अक्षरावर अडून राहतो. राजपत्रातील नोंदीची प्रत जोडून रेकॉर्ड ऑफिसास, म्हणजे महार रेजिमेंटच्या जवानांनी सागर येथे, आताच कळवावे. पती हयात असतानाच हे उरकावे. कारण दावा चालू असता तो गेला तर उरलेली थकबाकी मागण्यास त्या बाईलाच जावे लागते, आणि तेव्हा पहिला प्रश्न तिच्या नावाचाच विचारला जातो.