दार उघडताना गाडीची काच खाली का सरकते? 'फ्रेमलेस' खिडकीमागचं गणित

15 जुलै 2025 ला टेस्लानं मुंबईत बीकेसीमध्ये भारतातलं पहिलं शोरूम उघडलं आणि मॉडेल वायचे व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागले. त्यातली एक गोष्ट तुमच्याही नजरेत आली असेल. दाराचं बटण दाबलं की खिडकीची काच आधी किंचित खाली सरकते, मग दार उघडतं. दार लावलं की काच परत वर जाऊन बसते.

दिसायला हे भारी फीचर वाटतं. खरं तर तो बराचसा नाइलाज आहे.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या दाराला वरच्या बाजूनं लोखंडी चौकट असते. काच या चौकटीतल्या रबरी खाचेत वर-खाली होते. काच एखाद मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी खाच तिला सांभाळून घेते. मॉडेल वायच्या दाराला ही चौकटच नाही. दार उघडलं की काच मोकळी उभी. दार बंद असताना काचेची वरची कड छताच्या रबरात घुसून बसते. म्हणून दार उघडण्याआधी तिला त्या रबरातून बाहेर काढावं लागतं, नाहीतर रबर फाटेल किंवा काचेवर ताण येईल.

बॅटरी पूर्ण बसली तर? मग काच खाली सरकत नाही. आतल्या मेकॅनिकल हँडलनं दार उघडता येतं, पण काच रबराला घासत बाहेर येते.

मग काच उभी राहते कशाच्या जोरावर?

दाराचं आतलं पॅनल काढलं की एक किंवा दोन उभ्या पट्ट्या दिसतात. त्यांना रेल म्हणतात. काचेची खालची कड छोट्या क्लॅम्पमध्ये पकडलेली असते आणि हे क्लॅम्प रेलवरून सरकतात. मोटर केबल ओढते, क्लॅम्प वर येतात, काच वर येते. या सगळ्याला मिळून रेग्युलेटर म्हणतात.

इथली गंमत बोल्टच्या भोकांमध्ये आहे. रेल ज्या भोकांतून दाराला बसवलेली असते, ती अनेकदा गोल नसतात, लांबट असतात. बोल्ट सैल केला की रेल थोडी आत-बाहेर हलवता येते. रेलचं खालचं टोक बाहेर ढकललं की काचेचं वरचं टोक आत झुकतं, आत ओढलं की बाहेर. क्लॅम्प सैल केला की काच पुढे-मागे सरकते. वर जाताना ती कुठे थांबणार, हे वेगळा स्टॉपर ठरवतो.

चौकटीच्या गाडीत हे सेटिंग थोडं चुकलं तरी खपून जातं. बिनचौकटीच्या गाडीत चुकलं तर हायवेवर वाऱ्याची शिट्टी आणि पावसाळ्यात सीटवर पाणी. जपानच्या सुबारूनं वर्षानुवर्षं लेगसी आणि इम्प्रेझा बिनचौकटीच्या दारांसह विकल्या आणि पुढे नव्या पिढीत चौकट परत आणली.

सॉफ्टवेअरचा यात काय संबंध?

पाणी आणि शिट्टीपेक्षा गंभीर मुद्दा बोटांचा आहे. एका टचमध्ये वर जाणाऱ्या काचेला मधे हात आला हे कळलं पाहिजे आणि तिनं मागे फिरलं पाहिजे. हेच अँटी-पिंच. अमेरिकेच्या नियमानुसार अशा काचेनं 100 न्यूटनचा दाब येण्याआधी उलट फिरायला हवं. म्हणजे साधारण 10 किलो वजनाचा दाब. चाचणीसाठी 4 मिलिमीटरपासून 200 मिलिमीटरपर्यंत जाडीचे दांडे वापरतात. बोटापासून डोक्यापर्यंत सगळं त्यात येतं.

सप्टेंबर 2022 मध्ये टेस्लाला अमेरिकेत जवळपास 11 लाख गाड्या याच कारणासाठी रिकॉल कराव्या लागल्या. अडथळा आला तरी काच नियमानुसार मागे फिरत नव्हती. दुरुस्ती इंटरनेटवरून पाठवलेल्या अपडेटनं झाली. याला 'रिकॉल' म्हणणंच जुनाट आहे, असा आक्षेप इलॉन मस्क यांनी तेव्हा घेतला होता. मला तो पटत नाही. दुरुस्ती सोपी होती म्हणून दोष लहान ठरत नाही.

अपडेटनं सगळंच सुटतं असंही नाही. मोटरला बोट 'दिसत' नाही, तिला फक्त अडकणं जाणवतं. रबर कडक झालं असेल, खाचेत धूळ बसली असेल किंवा काच तिरकी बसली असेल, तर तेही अडकणंच. काच वर जाते आणि आपोआप परत खाली येते, ही तक्रार आपल्याकडच्या साध्या गाड्यांमध्येही ऐकू येते. काही वेळा कारण असतं काचेच्या खाचेत ठोकून बसवलेला रेन व्हायझर! अशा वेळी ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारला तर बऱ्याचदा काम होतं.

आणखी एक. एका टचमध्ये वर जाणं आणि अँटी-पिंच या सोयी अनेक स्वस्त गाड्यांमध्ये फक्त ड्रायव्हरच्या खिडकीला असतात. मुलं बसतात मागे. गाडी घेताना मागच्या खिडक्यांचं विचारा, आणि तपासायचं असेल तर बोट घालू नका, टिश्यूचा रोल घाला.

काच बदलल्यावर काय विचारायचं?

काच बसवली, वर-खाली झाली, म्हणून गाडी ताब्यात घेऊ नका. अनेक गाड्यांमध्ये काच किंवा रेग्युलेटर बदलल्यावर 'वर'ची आणि 'खाली'ची हद्द मोटरला पुन्हा शिकवावी लागते. काहींत बटण ठरावीक वेळ दाबून धरतात, टेस्लात स्क्रीनवरून कॅलिब्रेशन करतात. ते केलं का, हे स्पष्ट विचारा. मग बाहेरून पाण्याचा पाइप मारून आतून बघा.

आणि रबर जुनंच ठेवलंय का, तेही बघा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, पण रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के कापतात. नवी काच जवळपास फुकट आणि रबराचे अर्धे पैसे आपल्या खिशातून, असं असलं की जुन्या रबरावर भागवायचा मोह होतो. झिरो डेप घेतलं असेल, तर रबराचेही पूर्ण पैसे मागता येतात. क्लेमच्या एस्टिमेटमध्ये त्याची वेगळी ओळ आहे ना, एवढं बघून घ्या.